टायफॉइड लिहिलं असतं तर

मी पत्रकं लिहिते. एका पानाची, दोन्ही बाजूंनी छापलेली, स्टँडवर वाटली की पुढच्या बाकाखाली सापडणारी. हॉस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, बसपासवर लिहिलं, कॉलेजच्या नोटिसा मराठीतही लावा यावर तर किती वेळा लिहिलं ते आठवत नाही. त्यामुळे आजारपणावर लिहायला बसले तेव्हा हात सवयीनं ‘आम्ही मागणी करतो की’ इथून सुरू झाला. ते खोडलं. आजारात ‘आम्ही’ कुणी नव्हतं. मी होते.

हे कुणासाठी लिहितेय तेही सांगून टाकते. आजारपणामुळे ज्याची टेस्ट बुडली, प्रोजेक्टची तारीख गेली, हजेरी कमी पडली, आणि आता ज्याला ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून ‘मला थोडी मुदत द्या’ असं म्हणायचं आहे, त्याच्यासाठी. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरला विचारा, शेजाऱ्यांना नको.

कांदा

आमचं गाव निपाणीजवळ. घर जैनांचं. मी बेळगावात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दशलक्षण पर्वासाठी घरी आले होते. आदले काही दिवस धड झोप नव्हती, त्यात उपवास धरलेला. सकाळी पुढच्या सोप्यात बसून आईला काहीतरी सांगत होते एवढंच आठवतं. पुढचं आठवतं ते थेट माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या चपलेचं चामडं, माझ्या नाकासमोर.

आमच्याकडे माणसाला फीट आली की कांदा हुंगवतात, नाहीतर चप्पल. आमच्या घरात कांदा येत नाही. आजोबांच्या आजोबांपासून आलेला नाही. शेजारच्या काकूंनी आपल्या घरातून एक फोडून पळत आणला, तर पर्वाच्या दिवसात कांदा उंबऱ्याच्या आत यायचा म्हणून आई दारात आडवी उभी राहिली. आणि मग बाजूला झाली. हे मला काकूंनी नंतर सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. आई बाजूला झाली म्हणजे काय झालं असेल, ते मला कळत होतं.

कांद्यानं काही होत नाही, चपलेनंही नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, थांबा. एवढंच करायचं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तिथं जमलेल्या कुणालाच नव्हतं.

जीभ चावली होती, कपडे ओले झाले होते. दारात निम्मी गल्ली उभी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी सोडून सगळ्यांनी पाहिली होती.

मिरजेचा बाक

डॉक्टर निपाणीतही आहेत आणि बेळगावात तर गल्लोगल्ली आहेत. पण निपाणीत गेलो तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. बेळगावात मी शिकते, तिथंही नको. कोल्हापुरात आमचे निम्मे पाव्हणे. म्हणून आप्पांनी मिरज ठरवलं. भाड्याची गाडी केली. कर्नाटकची हद्द संपते तो कोगनोळीचा नाका मागे पडला तसं आप्पांनी खांदे सैल सोडले आणि म्हणाले, आता कुणी ओळखीचं भेटायचं न्हाय.

नाका ओलांडून दवाखाना गाठणं ही आमच्या भागाची जुनी रीत आहे. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. त्या एका प्रवासानं माझं अर्धं वर्ष खाल्लं, ते पुढं येईल.

मेंदूच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाक होता. आमच्या शेजारी चिकोडीकडची एक म्हातारी, सोबत तिची सून. म्हातारी कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होती. आईनं विचारलं, कशासाठी आलात? ती म्हणाली, ‘सुनंची कंबर धरलीया.’ मग तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, ‘हिची मान.’ दोघी समाधानानं गप्प बसल्या. दारावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं होतं ते दोघींच्याही डोळ्यांसमोर होतं. त्या सुनेनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी बघितलं. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

डोक्याला लेप लावून वायरी चिकटवल्या. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी सांगितलं, अपस्मार आहे. यापूर्वीही छोटे झटके येऊन गेले असतील, मधेच बोलणं तुटणं, हातातली वस्तू पडणं. मला आठवलं, सभेत बोलता बोलता मी थांबायचे आणि लोकांना वाटायचं मी वजन देऊन थांबतेय. टाळ्याही मिळाल्या होत्या त्या थांबण्याला.

गोळ्या चुकवायच्या नाहीत, जागायचं नाही, उपाशी राहायचं नाही, काही काळ विहिरीच्या कडेला आणि गाडीवर एकटीनं जायचं नाही. आप्पांनी एकच प्रश्न विचारला: हे लग्नाआधी जाईल का? डॉक्टर म्हणाले, औषधानं ताब्यात राहील, लग्नाचा आणि त्याचा संबंध नाही. आप्पांनी मान हलवली. त्यांनी त्यातलं फक्त ‘राहील’ ऐकलं.

परतीच्या वाटेवर ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. हे कुणाला सांगायचं नाही. वर्ष पार पाडायचं. ‘वर्ष गेलं तर मात्र घरी यायचं, मग आम्ही बघतो,’ असं ते म्हणाले. आमच्याकडे आई-बाप ‘बघतो’ म्हणतात तेव्हा काय बघतात ते मुलींना सांगावं लागत नाही. पोरगा बघणार, आणि त्याच्यापासून हे लपवणार. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वर्षाला टांगलेलं होतं.

आईचा दोष

घरी काही आठवडे काढले. गोळी दोनदा, सकाळी आणि रात्री नऊला. आई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही आणि तोवर मीही घरी असले की तेच पाळायचे. पहिल्या रात्री मी गोळी हातात घेऊन बसून राहिले. आई उठली, तांब्या आणि पेला घेऊन आली.

‘घे,’ म्हणाली. ‘दोष लागला तर मला लागंल.’

त्या आजारपणात मला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत तीच. त्या सवलतीसाठी अर्ज करावा लागला नाही.

हात

बेळगावला परतले तेव्हा अंतर्गत परीक्षा होऊन गेली होती आणि प्रोजेक्टची तारीख तोंडावर होती. प्रोजेक्ट विडी वळणाऱ्या बायकांवर होता. मुलाखती झाल्या होत्या, लिहून काढायच्या होत्या. आणि गोळीनं हात कापायला लागला होता. लई नाही, पेन धरलं की अक्षर थरथरायचं एवढंच. पण मी जिथं अर्ध्या तासात पत्रक लिहायचे तिथं एक परिच्छेद व्हायचा. शब्दही उशिरा यायचे. ‘निवेदन’ हा शब्द मला एकदा पाच मिनिटं आठवला नाही. मला. निवेदन.

खोलीत शीतल होती, उचगावची, माझी रूममेट. तिला सांगितलं की डोकेदुखी आहे. वर्गात सांगितलं अशक्तपणा. प्रत्येकाला वेगळं सांगितलं की संध्याकाळी आपण कुणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवावं लागतं. दमायला तेवढंही पुरतं. दिवसभर माणसांत असायचे आणि एकाही माणसाला माझ्याबद्दल खरं माहीत नव्हतं.

तारीख गेली. मग मात्र अर्ज करणं भाग होतं. मला तीन गोष्टी हव्या होत्या: प्रोजेक्टला मुदत, बुडालेली टेस्ट पुन्हा, आणि शेवटच्या परीक्षेत लिहायला जास्तीचा वेळ. यातलं काहीच मिळालं नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष गेलं. आणि घरी ‘बघतो’.

खिडकी

दुसऱ्यांसाठी मी कितीतरी अर्ज लिहून दिलेत. पोरं खोलीवर यायची, मी बसल्या बैठकीला लिहायचे. स्वतःसाठी ‘मला’ असं लिहायला एक अख्खा रविवार गेला. ‘विनंती’ हा शब्द मी पत्रकात कधी वापरत नाही. तो वापरला. कोपऱ्यात मिरजेच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं.

खिडकीवरच्या क्लार्कशी माझी जुनी भांडणं होती, मराठी नोटिसांवरून. तो कन्नड बोलणारा, मी मराठीत अर्ज देणारी. या वेळी मी इंग्लिशमध्ये नेला होता. त्याला त्याचंही नवल वाटलं. त्यानं प्रमाणपत्र उलटसुलट केलं, शिक्का बघितला आणि मराठीत म्हणाला, ‘हे महाराष्ट्राचं आहे, मॅडम. चालत नाही. आपल्या राज्याचं पाहिजे.’

मी म्हटलं, मिरज इथून दोन-तीन तासांवर आहे. तो म्हणाला, असेल. माझा आजार नाक्यावर थांबून राज्य विचारत नाही, असं मी म्हटलं. मागं रांगेतलं कुणीतरी हसलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. ‘नाळे बर्री,’ म्हणाला, म्हणजे उद्या या, हेडची सही घेऊन. आणि पुढचा कागद ओढला.

मी तिथंच पत्रकाचा मथळा मनात रचायला घेतला होता. मग लक्षात आलं, या खिडकीवर हाच नियम चिकोडीच्या त्या सुनेलाही लागला असता, तिच्या अस्खलित कन्नडसकट. राग कुणावर काढायचा तेच कळेना. माझ्यासारखीला याहून वाईट अवस्था नाही.

सगळे तेच लिहितात

आमचा विभाग सोशल वर्कचा. पहिल्या वर्षी आम्हाला पूर्ण एक पेपर होता, समोरच्याचं कसं ऐकून घ्यावं यावर. तो हेड सरच शिकवायचे. दार लोटून घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी पेपरात लिहितात तसं, मान किंचित वाकडी करून. मग म्हणाले, ‘अगं, टायफॉइड लिही की. सगळे तेच लिहितात.’

मी म्हटलं, मला टायफॉइड नाही.

‘ते मला कशाला सांगतेस?’

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि वाईट हेतूनं नाही. साधा ताप, टायफॉइड, कावीळ असलं काही लिहिलं तर इथल्या कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी चालते. दोन दिवसांत सही. दुसरं काही लिहिलं आणि कागदही पलीकडचा असला, तर सरकारी दवाखान्यातल्या मेडिकल बोर्डापुढं जायचं, मग कॉलेजची समिती, मग ठराव. त्यात फाइल चार टेबलं फिरणार. ‘मुलगी आहेस,’ म्हणाले. ‘उद्या तुलाच त्रास.’

कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी हिशेब केला. टायफॉइडला मुदत मिळेल. पण टायफॉइड बरा होतो. बऱ्या झालेल्या टायफॉइडला परीक्षेत जास्तीचा वेळ कोण देणार? आणि हॉलमध्ये मी पडले तर? टायफॉइडवाली मुलगी पडली म्हणून पुन्हा कुणाची तरी चप्पल. किती मुलं अशी टायफॉइडखाली दडली असतील याचाही विचार आला. आमच्या कॉलेजच्या कागदांवर बघाल तर आख्ख्या सीमाभागात विद्यार्थ्यांना तापाशिवाय दुसरा रोग होतच नाही. मन मोडलेल्याला टायफॉइड. घरात मारहाण झालेलीला टायफॉइड. म्हणून तर कुणाला नियम बदलावासा वाटत नाही.

मुद्दा

शेवटी आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या संघटनेत गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, माझ्या हातची पोस्टरं भिंतीला. विनायकदा आमचा पुढारी, माझ्याहून थोडा मोठा, मला पत्रक लिहायला त्यानंच शिकवलं. त्याला सगळं सांगितलं. फीटचंही. घराबाहेर पहिल्यांदा मित्रमाणसाला सांगितलं.

तो पेटलाच. तिथल्या तिथं त्यानं मजकूर केला: मराठी विद्यार्थिनीचा दाखला नाकारला, सीमाभागावर आणखी एक अन्याय. मी वाचला. चांगला लिहिला होता. त्यात माझा आजार नव्हता. ‘गंभीर आजार’ होता.

‘आजाराचं नाव का न्हाय घातलंस?’

‘अगं, मुद्दा बाजूला राहतो. फीट म्हटलं की लोक तुझ्याकडंच बघत बसतील.’

‘मग बघू देत की.’

त्यानं कागद खाली ठेवला. मी त्याला हेही सांगितलं की नियम कन्नड मुलांनाही तोच आहे, हे पत्रक खोटं होईल. तो म्हणाला, अर्धं खरं आहे ना? ते पत्रक मी छापू दिलं नाही. त्यानं वाद घातला नाही. ‘तू आता आराम कर,’ म्हणाला. पुढच्या बैठकीचा निरोप मला आला नाही, त्याच्या पुढच्याचाही नाही. आराम कर ही आपल्याकडची सगळ्यात सभ्य हकालपट्टी आहे.

घरच्यांना लग्नासाठी नाव लपवायचं होतं, सरांना फाइलसाठी, दादाला चळवळीसाठी. तिघंही माझं भलंच बघत होते. एवढ्या सगळ्यांनी भलं बघितल्यावर माणूस किती एकटं पडतं, ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं.

आप्पा

आप्पा बेळगावला येतात ते कोर्टाला नाहीतर बस्त्याला. त्या दिवशी ते न सांगता कॉलेजच्या फाटकाशी उभे होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत येईनात. आम्ही समोरच्या चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसलो. पिशवीत चपात्या होत्या आणि चपात्यांच्या खाली घडी न मोडलेला एक कागद.

‘हे घे. टायफाईड हाय ह्याच्यात. शिक्का बी इकडचाच हाय.’

निपाणीच्या ओळखीच्या डॉक्टरकडून आणला होता. आप्पा कुणाकडं कधी शब्द टाकत नाहीत. माझ्यासाठी टाकला होता.

‘मी हे द्यायची न्हाय, आप्पा. खोटं हाय.’

‘तुला खोटं दिसतंय. मला माझी पोरगी दिसतीया.’

चहावाला दोन कप ठेवून गेला. आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, ‘लोकं बोलत्यात, इसरत्यात. कागद इसरत न्हाय, त्रिशले. एकदा नाव चढलं की चढलं.’

‘म्हणूनच चढवायचं हाय,’ मी म्हटलं. ‘मी परत पडले तर कुणाला तरी ठावं पाहिजे.’

त्यांनी चहा संपवला. ‘लई शिकलीस तू,’ म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, अजून ठरवता आलेलं नाही. कागद मी परत पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. रिक्षाही केली नाही, स्टँडकडं चालत गेले. मी वळणापर्यंत बघत राहिले. मागं वळून बघतील असं वाटलं होतं.

चपात्या मी खोलीवर एकटीनं खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मिरजेचा कागद आणि नवा अर्ज घेऊन हेड सरांच्या टेबलावर ठेवला. त्यात आजाराच्या रकान्यात लिहिलं होतं: अपस्मार, म्हणजे फीट. त्यांनी उसासा टाकला आणि सही केली.

बोर्ड आणि समिती

बोर्डाचं फार सांगण्यासारखं नाही. लांब बाक, खूप माणसं, कुणाचा पाय, कुणाचे डोळे. प्रत्येकाबरोबर कुणीतरी आलेलं. नर्सनं मला विचारलं, सोबत कोण? कुणी नाही म्हटल्यावर तिनं अर्जावर तसं लिहिलं आणि मला पंख्याखाली बसायला सांगितलं. डॉक्टरांनी मिरजेचे रिपोर्ट बघितले, हात पुढं करायला लावला, तो कापत होता तेवढा कापला. त्यांनी दाखला दिला. जो मिरजेत लिहिला होता तोच आजार, तीच वाक्यं, फक्त शिक्का नाक्याच्या अलीकडचा.

समिती प्राचार्यांच्या खोलीत होती. प्राचार्य, हेड सर, परीक्षा विभागाचे प्रमुख आणि एक मॅडम ज्या पूर्ण वेळ मोबाइलकडे बघत होत्या. सभा गाजवणं मला नवं नाही. इथं मात्र खुर्ची दिली तरी मी उभीच राहिले.

प्राचार्यांनी विचारलं, हे सगळं इतिवृत्तात येईल, फाइलला राहील, तुमची हरकत नाही ना? अजून अर्ज मागं घेता येईल.

‘मला अपस्मार आहे,’ मी म्हटलं. ‘फीट येतात. औषधानं हात कापतो, म्हणून लिहायला वेळ लागतो. हे इतिवृत्तात यायलाच पाहिजे. मी हॉलमध्ये पडले तर मला कुशीवर वळवा, हेही लिहून घ्या.’

मोबाइलमधल्या मॅडमनी मान वर केली. परीक्षाप्रमुखांनी खरंच लिहून घेतलं.

आधी मला वाटायचं, एवढं एकदा तोंडानं बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. बाहेर आले, पाणी प्यायले, तासाला गेले.

दोरी

चार टेबलं फिरलेली फाइल वर्गापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? शनिवारी समिती झाली, सोमवारी मुली माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागल्या, मला ऐकू येत नसल्यासारखं. त्याच आठवड्यात शीतलनं खोली बदलली. ती वाईट नाही. ‘आईला भीती वाटते गं,’ म्हणाली, आणि डोळे पुसले. आमची कपडे वाळवायची दोरी तिची होती, ती तिनं सोडून नेली. दोरीवरचे माझे कपडे कॉटवर ठेवून गेली, नीट घड्या घालून.

मी त्या घड्या बरेच दिवस मोडल्या नाहीत. खोलीत दुसरी कॉट रिकामी. रात्री गोळी घ्यायची वेळ झाली की आईची आठवण यायची, पण फोन करायचे नाही. आप्पा उचलतील म्हणून.

आजारानं मला एकटं पाडलं नाही, हे मला कुणाला तरी ठासून सांगायचं आहे. आजार काही मिनिटांचा असतो. आजार आहे असं सांगितल्यावर जे उरतं त्याला एकटेपण म्हणतात. आणि न सांगितल्यावर जे असतं त्यालाही. दोन्ही करून बघितलंय. सांगितल्यावरचं बरं. त्यात निदान कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागत नाही.

पत्र

निर्णयाचं पत्र खिडकीवरूनच मिळालं. प्रोजेक्टला मुदत: मंजूर. परीक्षेत जास्तीचा वेळ: मंजूर. बुडालेली टेस्ट पुन्हा: नामंजूर, त्या विषयात अंतर्गत गुण शून्य. म्हणजे तो पेपर घासून पास व्हायचा. वर्ष मात्र हातात होतं.

आणि शेवटी एक ओळ. ही बाब अपवाद म्हणून विचारात घेतली आहे, यावरून पायंडा पडला असे कोणी समजू नये.

त्या ओळीनं मला जितका राग आला तितका नामंजुरीनंही आला नव्हता. म्हणजे पुढची मुलगी येईल तेव्हा तिला पुन्हा पहिल्यापासून? पुन्हा तेच टायफॉइड? क्लार्कला मी विचारलं, असं का लिहिलंय? तो म्हणाला, ‘सगळ्या पत्रात लिहितात, मॅडम.’

घरी फोन केला. आप्पांनीच उचलला. वर्ष वाचलं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, कागदावर नाव हाय? मी म्हटलं, हाय. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाले, ‘बरं. पेपर नीट लिव,’ आणि फोन आईकडं दिला.

हॉल

जास्तीचा वेळ कसा असतो ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते.

घंटा होते. सगळे उठतात, पुरवण्या बांधतात, बाकं सरकतात, बाहेर व्हरांड्यात एकदम कालवा होतो, कुठला प्रश्न कसा आला याचा. तुम्ही बसून असता. जाणारा प्रत्येकजण एकदा वळून बघतो. मग कालवा जिन्यानं खाली उतरतो आणि थांबतो. शिपाई एकेका ओळीचे पंखे बंद करत येतो आणि तुमच्या डोक्यावरचा तेवढा चालू ठेवतो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक पंखा, एक बाक, एक तुम्ही. आणि समोर एक सुपरवायझर बाई, ज्यांची बस चुकणार आहे.

ज्या पेपरात शून्य घेऊन बसले होते त्याच पेपरची ही गोष्ट. हात कापत होता. सावकाश लिहिलं, शब्द येईपर्यंत थांबले, आले की लिहिले. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा बघितलं, माझ्या जास्तीच्या वेळातली निम्मी मिनिटं अजून शिल्लक होती. बाईंनीही बघितलं. पर्स जवळ ओढली. ‘झालं ना तुमचं?’ असं अगदी मायेनं विचारलं.

झालं होतं. उठले असते तर त्यांना बस मिळाली असती, मलाही त्या रिकाम्या बाकांमधून सुटका मिळाली असती. पण उद्या समितीपुढं दुसरी कुणी उभी राहील, आणि आधीच्या मुलीला वेळ पुरून उरला होता असं त्या वेळी कुणाला तरी नक्की आठवेल. हे लोक चांगलं काही लक्षात ठेवत नाहीत, पण हे ठेवतील.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘वेळ आहे अजून.’

पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली, आणि घंटा होईपर्यंत बसून राहिले.